चुंबकाच्या आधी ऑक्साइड, ऑक्साइडच्या आधी ऑक्झॅलेट

४ एप्रिल २०२५ रोजी चीनने सात दुर्मीळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवान्याची अट घातली. त्यात डिस्प्रोसियम आणि टर्बियम होते, त्यामुळे ते घातलेले चुंबकही अडकले आणि आपल्याकडच्या ई-वाहन कंपन्यांना मोटरसाठी चुंबक मिळेनासे झाले. नोव्हेंबरमध्ये केंद्राने ७,२८० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. लक्ष्य आहे वर्षाला ६,००० टन चुंबक बनवण्याची क्षमता. योजनेची साखळी ऑक्साइडपासून सुरू होते: ऑक्साइडपासून धातू, मग मिश्रधातू, मग चुंबक. पण हे ऑक्साइड येतं कुठून?

बहुतेक वेळा ऑक्झॅलेटमधून. अळू खाजतं ते कॅल्शियम ऑक्झॅलेटच्या सुयांमुळे. त्या पाण्यात जवळपास विरघळत नाहीत. निओडिमियमचंही तसंच. द्रावणात ऑक्झॅलिक आम्ल घातलं, की ते गुलाबी-जांभळट साका होऊन तळाशी बसतं आणि लोह, ॲल्युमिनियमसारखी घाण बरीचशी वर द्रावणातच राहते.

या स्फटिकात प्रत्येक निओडिमियमभोवती नऊ ऑक्सिजन असतात: सहा ऑक्झॅलेटचे, तीन पाण्याचे. त्यातून मधाच्या पोळ्यासारखे थर बनतात आणि थरांच्या मध्येही पाणी अडकतं. भट्टीत आधी हे पाणी जातं. साधारण ४०० अंश सेल्सियसच्या आसपास ऑक्झॅलेट फुटून कार्बनचे वायू निघतात. उरलेला कार्बोनेट जायला ७००-८०० अंश लागतात. १०० किलो ऑक्झॅलेट टाकलं, तर हाती येतं जेमतेम ४६ किलो ऑक्साइड.

इथपर्यंतचं तंत्र काही गुपित नाही. खरी मेख वेगळीच आहे. लँथॅनम, सेरियम, प्रासिओडिमियम आणि निओडिमियम यांचे आयन जवळपास एकाच आकाराचे, म्हणून स्फटिकही सारखेच. ऑक्झॅलेट त्यांना घाणीपासून वेगळं करतं, एकमेकांपासून नाही. ते काम आधीच, द्रावक वापरून, शेकडो टप्प्यांत करावं लागतं. चीनची पकड आहे ती मुख्यतः इथे.

आता हिशेब करू. चुंबकात वजनाने साधारण ३० टक्के दुर्मीळ मृदा धातू धरले, तर ६,००० टनांना १,८०० टन धातू लागेल. म्हणजे सुमारे २,१०० टन ऑक्साइड आणि त्यासाठी ४,६०० टन ऑक्झॅलेट, तेही आधीच वेगळं केलेल्या धातूंचं. वाया जाणारा माल यात धरलेलाच नाही.

मोनाझाइटची वाळू केरळ, तमिळनाडू, ओडिशाच्या किनाऱ्यांवर आहे. तेव्हा योजनेचं यश मोजताना चुंबकाचे किती कारखाने उभे राहिले एवढंच पाहून चालणार नाही. धातू वेगळे करण्याची क्षमता किती वाढली, हेही विचारायला हवं. नाहीतर चुंबकाऐवजी आपण ऑक्साइड आयात करू, आणि परवान्याची अट त्यावरही घालता येते.