पजेरो आणि पाटल्या

या आठवड्याच्या गठ्ठ्यात लोणच्याला बुरशी का येते, हे विचारणारी बरीच पत्रं होती. त्यांना पुढच्या खेपेला उत्तर देईन. आज एकाच पत्रासाठी सगळी जागा ठेवली आहे, कारण या भगिनीला आठ दिवसांत काय ते ठरवायचं आहे.

पत्र कोरीटहून आलं आहे, तालुका जिल्हा नंदुरबार. घरची शेती, त्यात मिरची. हंगामात ही बाई स्वतः पथारीवर बसून मिरचीचे देठ खुडते, म्हणजे एकेका रुपयाची किंमत तिला ठाऊक आहे. गेल्या पावसाळ्यात एका रात्री सासूबाईंच्या छातीत दुखू लागलं. शेजारच्यांची जीप लग्नाला गेलेली. गाडी मिळेपर्यंत पाऊण तास गेला. सासूबाई वाचल्या, पण यजमानांच्या मनाने घेतलं की दारात गाडी हवीच.

इथपर्यंत कुणालाही पटेल असंच आहे. पुढचं ऐका. सुरतेला कामाला असलेल्या मावसदिरांनी एक गाडी पाहून ठेवली आहे. पजेरो! दलाल म्हणतो, “जपानची इंपोर्टेड आहे, स्टिअरिंग उजवीकडे, अशी गाडी तुमच्या तालुक्यात दुसरी नाही.” किंमत 3 लाख 40 हजार. मिरचीचे 1 लाख 90 हजार घरात आहेत. उरलेल्या दीड लाखासाठी बाईंच्या माहेरच्या पाटल्या बँकेत ठेवायच्या. मुलगी बारावीला आहे, तिला नर्सिंगला जायचं आहे. त्या फीसाठी म्हणूनच मिरचीचे पैसे राखून ठेवलेले. “ताई, मी नाही म्हटलं तर हे म्हणतात, तुला माझ्या आईची काळजी नाही. मी काय करू?”

बाई, आधी एक सांगते. गाडी नको म्हणणं म्हणजे सासूबाई नकोत, असं होत नाही. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि यजमानांनी ते एकाच गाठीत बांधले आहेत. ती गाठ सोडवायला तुम्ही पाठवलेला आर.सी. बुकाचा फोटो फार उपयोगी पडला. बरं केलंत पाठवलात. बहुतेक जणी गाडीचा फोटो पाठवतात, कागदाचा नाही.

पहिल्यांदा त्या “उजवीकडे स्टिअरिंग”बद्दल. आपल्याकडे रस्त्याच्या डाव्या बाजूने चालायचं, त्यामुळे सगळ्याच गाड्यांचं स्टिअरिंग उजवीकडे असतं. आपल्या एस.टी.चंसुद्धा! त्यात मिरवण्यासारखं काही नाही. दलाल ते सांगतो, कारण परदेशी वापरलेल्या गाडीला ती एक अटच आहे. वापरलेली गाडी देशात आणायची तर ती बनवल्यापासून तीन वर्षांपेक्षा जुनी नको, स्टिअरिंग उजवीकडे हवं, दिवे आपल्या रस्त्याला जुळणारे हवेत, स्पीडोमीटर किलोमीटरचा हवा आणि ती फक्त मुंबई बंदरातूनच उतरायला हवी. शिवाय जकात एवढी जबर की हौस फिटावी. असं सगळं रीतसर करून आलेल्या गाडीची पहिली नोंदणी होते तेव्हा कस्टम्सचा दाखला जोडावा लागतो. म्हणून दलालाला एवढंच विचारायचं: “इंपोर्टेड ना? मग कस्टम्सचा कागद दाखवा.” गडी तिथेच गप्प होतो की नाही बघा.

कागद नसताना घेतलं तर काय होतं, त्याचं उदाहरण ताजं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये केरळात कोचीच्या कस्टम्स खात्याने एकाच वेळी अनेक ठिकाणी छापे घातले आणि तीसहून अधिक गाड्या जप्त केल्या. भूतानमध्येही आपल्यासारखंच उजवीकडे स्टिअरिंग. तिथल्या जुन्या मोठ्या गाड्या चोरवाटेने आणून, खोटे कागद करून, दुसऱ्याच राज्यात नोंदवून विकल्याचा संशय होता. त्यात सिनेमातल्या नामवंतांची दारंही सुटली नाहीत. त्यांच्याकडे वकील आहेत. आपण कोरीटहून कोणत्या कोर्टाच्या पायऱ्या चढणार?

आता गंमत अशी की, तुमची पजेरो बहुधा “जपानची” नसावीच. पजेरो हे नाव मित्सुबिशी या जपानी कंपनीचं खरं, पण त्या काळात आपल्याकडे हिंदुस्तान मोटर्सच्या तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरच्या कारखान्यात ती जुळवली जात होती. म्हणजे दलाल एक तर खोटं बोलतो आहे, नाहीतर खरं बोलून तुम्हालाच खड्ड्यात घालतो आहे. कसं ते सांगते.

तुमच्या फोटोत पहिल्या नोंदणीची तारीख आहे मार्च 2005. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षं चालते, म्हणजे 2020 पर्यंत. पुढे दर पाच वर्षांनी गाडी तपासून ती वाढवून घ्यायची. एकदा वाढवली आहे, मार्च 2025 पर्यंत. ती मुदत केव्हाच उलटली आहे, बाई! तारीख अगदी बारीक अक्षरात आहे, भिंगाने पाहा. या वाढवण्याची फी पूर्वी 600 रुपये होती, 1 एप्रिल 2022 पासून ती 5,000 झाली. ऑगस्ट 2025 मध्ये वीस वर्षांवरच्या गाड्यांसाठी 10,000 झाली. आणि इंपोर्टेड चारचाकी असेल तर? 80,000. म्हणजे दलालाचा “इंपोर्टेड” शब्द खरा निघाला, तर एवढ्या एका शब्दाची किंमत सत्तर हजार. ही सगळी फी कोण भरणार, हे तुमच्या पत्रात कुठेच नाही. दलालानेही सांगितलं नसणार.

दुसरी गोष्ट मला त्या तारखेवरून सुचली. गाडी 2005 ची, नंबर जी.जे. 05, म्हणजे सुरतचा. ऑगस्ट 2006 मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने सुरत शहर बुडालं होतं. आपल्या प्रकाशाहून जाणारी तीच तापी. कित्येक गाड्या पाण्याखाली राहिल्या. ही त्यातलीच आहे असं मी म्हणत नाही, पण पाहून घ्यायला काय जातं? गाडीतली चटई वर उचला, सीटखालच्या लोखंडी पट्ट्या आणि पट्ट्याचे खिळे पाहा, सीटबेल्ट अगदी शेवटपर्यंत ओढून त्यावर चिखलाची रेघ आहे का बघा. हे काम बायका पुरुषांपेक्षा चांगलं करतात. धान्यातला किडा आपल्यालाच दिसतो ना!

कागदाचं बाकीचं थोडक्यात सांगते, कारण कोणतीही जुनी गाडी घेताना ते लागणारच. गुजरातची गाडी महाराष्ट्रात कायमची आणायची तर तिथल्या आर.टी.ओ.चा ना-हरकत दाखला लागतो, तो नमुना 28. विक्रीसाठी नमुना 29 आणि 30. गाडीवर कर्ज होतं तर नमुना 35 आणि बँकेचं पत्र. गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची तर आपल्या एम.एच. 39 चा नवा नंबर घ्यायचा आणि इथला कर नव्याने भरायचा. गुजरातचा उरलेला कर परत मागता येतो, पण इतक्या जुन्या गाडीचा उरला काय असणार? खरेदीनंतर तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज आणि चौदा दिवसांत विमा आपल्या नावावर, हे विसरू नका. दलाल म्हणेल, “सह्या केलेले कोरे फॉर्म देतो, नाव सावकाश करा.” त्याला कधीही हो म्हणू नये. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं आहे की, पुस्तकावर ज्याचं नाव तोच मालक, अपघाताची भरपाई त्याच्याकडून. त्यामुळे जुना मालक उद्या धास्तावून तुमच्याच मागे लागेल. आणि तुमच्या नावावर विमा नाही म्हणून गाडीच्या नुकसानीचा पैसाही तुम्हाला मिळणार नाही. दोन्हीकडून कात्री.

यजमानांचा हिशोब असा दिसतो की, गाडी स्वतःचा खर्च स्वतः काढेल. लग्नसराईत वऱ्हाड, सारंगखेड्याच्या यात्रेला भाविक, बाजाराच्या दिवशी गावातले लोक. पत्रात हे तुम्ही एका ओळीत लिहिलंत, पण मला सगळ्यात काळजी याच ओळीची वाटली. पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने फिरवायला परवानगी नाही. काळी-पिवळीवाला परमिट काढतो तो काही वेडा म्हणून नाही. भाड्याचे प्रवासी बसलेले असताना अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करते. मग शेत विकायची वेळ येते. मिरचीची पोती न्यायला म्हणावं, तर त्यासाठी टेम्पो भाड्याने आणलेला स्वस्त पडतो.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. माझ्या धाकट्या दिरांनी मुंबईहून एक जुनी परदेशी गाडी हौसेने आणली होती. महिनाभर सगळ्यांनी फोटो काढून घेतले. मग एका दिवशी पुढची काच तडकली. ती काच मिळायला पाच महिने लागले आणि तेवढे दिवस गाडी ताडपत्रीखाली! सासूबाई तिच्यावर पापड वाळत घालायच्या. शेवटी अर्ध्या किमतीलाही कुणी घेईना. पजेरो तर इथे आता विकलीच जात नाही. सुट्या भागांसाठी दर वेळी सुरत नाहीतर मुंबई गाठायची आणि मेस्त्री सांगेल ते ऐकायचं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. ही गाडी घेऊ नका, पाटल्या ठेवून तर नाहीच. माहेरच्या पाटल्या हे तुमचं स्त्रीधन आहे. 1985 मध्येच सुप्रीम कोर्टाने स्त्रीधनावर पूर्ण हक्क त्या बाईचाच, असं सांगितलं आहे. नवरा सांभाळायला घेऊ शकतो, मालक होत नाही. तुम्ही राजीखुशीने दिल्यात तर गोष्ट वेगळी, पण मग गाडीच्या पुस्तकावर नाव तुमचं हवं. हे एवढं बोलून बघा. पुष्कळदा निम्मी हौस तिथेच उतरते.

आणि सासूबाईंचं? त्यांच्यासाठी आजच्या आज दोन गोष्टी करा. 108 नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून भिंतीवर लावा. ही सरकारी रुग्णवाहिका महाराष्ट्रात 2014 पासून आहे आणि तिला पैसे द्यावे लागत नाहीत. दुसरं, ती यायला वेळ लागलाच तर गावातल्या दोन गाडीवाल्यांशी आधी बोलून ठेवा की रात्री बोलावलं तर येशील, एवढे देऊ. गेल्या वर्षात सासूबाईंना किती वेळा नंदुरबारला न्यावं लागलं ते बोटं मोजून लिहा. तुमच्या पत्रावरून पाच-सहा वेळा वाटतं. या सहा खेपांचं भाडं आणि साडेतीन लाख, हे दोन आकडे यजमानांसमोर शेजारी शेजारी ठेवा. भांडू नका, नुसते ठेवा.

तरीही वर्ष-दोन वर्षांनी, मुलीची फी भरून झाल्यावर गाडी घ्यायचीच ठरली, तर नंदुरबार जिल्ह्याच्याच नंबरची, पंधरा वर्षांच्या आतली साधी बोलेरो पाहा. तिचा सुटा भाग कुठेही मिळतो, आणि मालक कोण, गाडी कुठे फिरली, हे चार घरं विचारून कळतं. बघायला जाताना दलालाचा नाही, आपला मेस्त्री न्या. गाडी आधी चालू करून ठेवू नका असं सांगून जा, थंड इंजिन पहिल्यांदा कसं सुरू होतं आणि धूर कोणत्या रंगाचा येतो ते त्याला पाहू द्या. चेसिसवरचा नंबर पुस्तकातल्या नंबराशी स्वतः एकेक आकडा जुळवा. आणि किमतीच्या वर निदान चाळीस हजार बाजूला असल्याशिवाय सौदा करू नका. पहिल्या सहा महिन्यांत टायर, बॅटरी, कर, विमा ते खातातच.

यजमानांना हे पान वाचायला द्यायचं की नाही, ते तुम्ही ठरवा. दिलंत तर आर.सी.चा फोटो आणि भिंगही सोबत द्या.

पत्राच्या पाठीमागे पेन्सिलीने एक प्रश्न आहे, तो राहायला नको. देठ खुडून हातांची आग होते आणि कितीही साबण लावला तरी जात नाही. बाई, मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. आधी कोरड्या हातांना गोडं तेल चांगलं चोळा, फडक्याने पुसून काढा, मगच साबणाने धुवा. कामाला बसण्यापूर्वीही तेलाचा हात फिरवावा. आणि तोवर डोळ्यांना, लहान मुलांना हात लावू नका.