असंच हवंय, पण कोणाचं?

गणपती जवळ आले की माझ्या फोनमध्ये दुसऱ्यांची चित्रं साचायला लागतात. दिवाळी अंकाचे संपादक, पहिला कवितासंग्रह काढणारे निवृत्त प्राध्यापक, एखादा हौशी प्रकाशक. प्रत्येकाने पिंटरेस्टवर नाहीतर इन्स्टाग्रामवर काहीतरी पाहिलेलं असतं आणि खाली ओळ असते, ‘ताई, असंच काहीतरी करा ना.’ मुखपृष्ठं करणं हा माझा व्यवसाय. मी विचारते, ‘हे कोणाचं आहे?’ उत्तर येतं, ‘नेटवरचं आहे.’ नेट हा सध्या महाराष्ट्रातला सगळ्यात कामसू चित्रकार आहे.

यावर ‘आमच्या वेळी असं नव्हतं’ म्हणणाऱ्यांतली मी नाही. आमच्या वेळी पुण्यात बसून रेम्ब्राँ बघायचा म्हणजे ग्रंथालयातल्या जाडजूड पुस्तकात पोस्टकार्डाएवढं, काळपट छापलेलं चित्र बघायचं. पुस्तक कुलूपबंद कपाटात, आणि किल्ली ज्यांच्याकडे ते जेवायला गेलेले. आज ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने २०२२ मध्ये केलेलं त्याच्या ‘नाइट वॉच’चं ७१७ अब्ज पिक्सेलांचं छायाचित्र कोणालाही घरबसल्या उघडता येतं. रंगाला गेलेले तडेही दिसतात. न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयाने २०१७ मध्ये जवळपास ३,७५,००० प्रतिमा मोफत, कुठल्याही कामाला वापरायला मोकळ्या केल्या. एवढं घबाड समोर असताना त्याच्याकडे पाठ फिरवणारा डिझायनर करंटाच म्हटला पाहिजे. माझी तक्रार दुसरी आहे. आपल्यापर्यंत जे चित्र पोचतं ते बहुतेक वेळा नाव, साल, आकार आणि छपाईची रीत गळून पडल्यावर पोचतं. अशा चित्राची नक्कल होते. त्याचा माग काढत पुढे काही सापडत नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते जुन्या देवादिकांच्या छापील चित्रांनी. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुण्यात १८७८ मध्ये चित्रशाळा हा छापखाना काढला. ती सदाशिव पेठेतली जागा माझ्या स्टुडिओपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पण चित्रशाळेचे रंगीत छाप मी पहिल्यांदा नीट पाहिले ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियमच्या संकेतस्थळावर. याचं वाईट वाटून घ्यायचं की आनंद मानायचा, हे मी अजून ठरवलेलं नाही. तिथे चित्राशेजारी छापखान्याचं नाव, गाव, छपाईचं तंत्र, कागदाची लांबी-रुंदी, सगळं लिहिलेलं असतं. तंत्राच्या रकान्यात शिळाछाप दिसलं, म्हणून शिळाछापाबद्दल वाचत गेले. तिथून मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेल्या रविवर्म्याच्या प्रेसपाशी पोचले.

त्या प्रेसचे छाप मोठे करून बघावेत. लांबून लक्ष्मीचा गाल गुळगुळीत दिसतो. जवळ गेलं की गाल नाहीसा होतो आणि ठिपके उरतात : गुलाबी, पिवळट, फिकट निळे. प्रत्येक रंगाचा दगड वेगळा. त्या दगडावर कारागिराने हाताने ठिपके द्यायचे, कुठे दाट, कुठे विरळ, आणि मग एकाच कागदावर एकेक दगड अचूक जागी उठवायचा. एखाद्या प्रतीत रंगांची जुळणी किंचित हललेली असते, तेव्हा देवीच्या ओठांचा लाल रंग ओठांच्या रेषेबाहेर आलेला दिसतो. मला त्या चुकलेल्या प्रती जास्त आवडतात, कारण काम कसं झालं ते त्यांत उघडं पडतं. चित्राखाली रविवर्म्याचं नाव असतं. ठिपके देणाऱ्याचं नसतं.

हे बघून झाल्यावर ग्रामीण शाळेच्या आठवणींच्या एका पुस्तकाला मी लक्ष्मी चिकटवली नाही. मुखपृष्ठावर संध्याकाळचं आभाळ हवं होतं. संगणकात एका बटणावर मिळणारी रंगाची सरकती छटा टाळली आणि आभाळ फक्त शेंदरी आणि निळ्या ठिपक्यांनी भरलं. छापखान्यातून फोन आला, ‘मॅडम, फाइल लो रेझोल्यूशन आलीय का? ठिपके दिसतायत.’ मला मिळालेल्या प्रशस्तिपत्रांत याचा क्रमांक बराच वरचा आहे.

‘मग मोठ्या चित्रकारांनी काय वेगळं केलं? त्यांनीही उचललंच की,’ असं एका लेखकाने मला सुनावलं होतं. उचललं, बेलाशक उचललं. व्हिन्सेंट व्हॅन गॉग आणि त्याचा भाऊ थिओ जपानी छापचित्रं ढिगाने विकत घ्यायचे. १८८६ च्या मे महिन्यात ‘पारी इल्युस्त्रे’ या फ्रेंच मासिकाने जपानवर अंक काढला आणि मुखपृष्ठावर जपानी चित्रकार केइसाई एइसेनने काढलेली एक गणिका छापली. व्हॅन गॉगने त्या मुखपृष्ठावर ट्रेसिंग कागद ठेवून आकृती उतरवून घेतली, चौकटी आखल्या आणि १८८७ मध्ये ती कॅनव्हासवर मोठी केली. तो ट्रेसिंग कागद आजही ॲमस्टरडॅमच्या व्हॅन गॉग संग्रहालयात आहे. गंमत अशी की मासिकाने मूळ चित्र उलटं छापलं होतं, आरशात दिसावं तसं. व्हॅन गॉगची बाईही त्यामुळे उलट्या दिशेला वळलेली आहे.

मूळ एइसेन, मासिकाचं मुखपृष्ठ आणि व्हॅन गॉगचं तैलचित्र ही तिन्ही शेजारी ठेवून बघावीत. आकृती जवळपास तीच. रंग मात्र त्याचे, भडक पिवळे आणि हिरवे. आणि भोवतीची चौकट मासिकात नव्हतीच : तळं, बांबू, कमळं, बेडूक, क्रौंच, हे त्याने दुसऱ्या जपानी चित्रांतून गोळा केलं. बेडूक आणि क्रौंच तर मुद्दाम निवडले, कारण त्या काळच्या फ्रेंच बोलीत त्या दोन्ही शब्दांनी वेश्येला हिणवत. म्हणजे एका चित्राला भुललेला हा माणूस त्या चित्रापाशी थांबला नाही, त्याच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांकडेही जाऊन आला. आणि ही सगळी उठाठेव आज आपल्याला कळते ती कोणीतरी मासिकाचं नाव, महिना, एइसेनचं नाव जपून ठेवलं म्हणून. नाहीतर तेही ‘नेटवरचं’ झालं असतं.

फोनवर एकामागून एक सरकत येणाऱ्या चित्रांत शेजारीपाजारी नसतात. तिथे तुम्ही एक फिकट हिरवं, बारीक रेषेचं मुखपृष्ठ आवडल्याची खूण केली की तशीच आणखी पन्नास येतात. आवड वाढत नाही, घट्ट होते. मराठी कादंबऱ्यांची गेल्या काही वर्षांतली मुखपृष्ठं एका टेबलावर मांडा. पाठमोरी बाई, एकटं झाड, खिडकी. लेखक वेगळे, प्रकाशक वेगळे, बाई एकच. (मीही त्या बाईला दोनदा पाठ फिरवायला लावली आहे, पैसे वेळेवर मिळाले.) त्यात आता यंत्राने बनवलेल्या चित्रांची भर. जुनं मराठी नाटकाचं पोस्टर शोधायला जावं तर अक्षरांसारखं दिसणारं पण वाचता न येणारं काहीतरी लिहिलेली पोस्टरं येतात. कमल शेडगे नाटकाच्या नावाचा स्वभाव ओळखून त्याची अक्षरं घडवत. त्यांच्या कामाच्या शोधात हे असलं काही समोर आलं की मी सरळ चहा टाकते.

रंगांचं तर विचारूच नका. फोनच्या काचेतला निळा हा प्रकाश असतो; कागदावरचा निळा ही शाई. काचेतला तो झगझगीत निळा नेहमीच्या चार शायांत बसत नाही, थोडा मळकाच उतरतो. ‘मोबाइलमध्ये छान दिसत होतं’ हे वाक्य प्रत्येक छापखान्यात दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. चित्राशेजारी ‘छापील, शिळाछाप, इतके सेंटिमीटर’ असं लिहिलेलं असेल तर निदान ते कागदासाठी केलेलं होतं हे तरी समजतं.

छायाचित्रांचंही तेच. आमच्याकडे काम शिकायला येणाऱ्या एका मुलीने स्वातंत्र्यलढ्यावरच्या पोस्टरसाठी जालियनवाला बागेतल्या गोळ्यांच्या खुणा दाखवणाऱ्या लोकांचा फोटो आणला. कोणाचा, तर नेटवरचा. तो १९१९ च्या हत्याकांडानंतर तिथे गेलेल्या मुंबईच्या नारायण विनायक विरकरांचा, हे कळल्यावर तिने विरकरांची दुसरी छायाचित्रं शोधली, राष्ट्रीय नेत्यांची पोर्ट्रेट्स पाहिली. पोस्टर शेवटी फोटोशिवायच झालं, नुसत्या भिंतीचं. ते मला तिच्या आधीच्या कुठल्याही कामापेक्षा चांगलं वाटलं.

आता आपल्या घरात या. चित्रकार दीनानाथ दलाल १९१६ मध्ये मडगावात जन्मले, मुंबईच्या जे. जे.त शिकले, १९४५ मध्ये ‘दीपावली’ हा अंक सुरू केला आणि १९७१ मध्ये गेले. मराठी पुस्तक कसं दिसावं हे एका पिढीच्या मनात त्यांनी ठरवून टाकलं. त्या काळी प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक आणि वेगळा खर्च. त्यामुळे दोनच रंग मिळाले तर एकावर एक छापून तिसरा काढायचा, आणि कागदाचा पांढरा हाही रंगच धरायचा. आजच्या मुलांना दलालांच्या कमी रंगांतल्या जुन्या मुखपृष्ठांइतका चांगला शिक्षक दुसरा मिळणार नाही. पण ती बघायची कुठे? व्हॉट्सॲपवर फिरतात ती चौकोनात बसवण्यासाठी कापलेली, आणि कात्री नेमकी कोपऱ्यातल्या सहीवर पडते. मला आलेल्या एका फॉरवर्डमध्ये तर रघुवीर मुळगावकरांचं चित्र दलालांच्या नावावर होतं. दोघं गोव्याचे, दोघांच्या चित्रांतल्या बायका सुंदर, एवढ्यावर भागलं. प्रत्यक्षात दलालांची रेष बोलते आणि मुळगावकरांची कांती.

नावं शोधणं अशक्य आहे असंही नाही. सुहास बहुळकर आणि दीपक घारे यांनी संपादित केलेल्या शिल्पकार चरित्रकोशाच्या दृश्यकला खंडात आपले कितीतरी चित्रकार नोंदींसह सापडतात. माहिती पुस्तकात आहे, चित्रं वाऱ्यावर आहेत, दोघांची गाठ पडत नाही. पुस्तकं विकणाऱ्या मराठी संकेतस्थळांवर लेखक, प्रकाशक, पानं, किंमत, बांधणी, अगदी वजनही असतं. मुखपृष्ठकाराचं नाव क्वचित. आतल्या पानावर ‘मुखपृष्ठ :’ असं छापलेलं असूनही.

जुन्या अंकांची मुखपृष्ठं नावानिशी टाका म्हटलं की प्रकाशक दचकतात. ‘टाकली की उचलतील.’ पण उचललेलीच आहेत, तीही बिननावाची. हक्काचा प्रश्न खरा आहे. आपल्याकडे चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो, म्हणजे रविवर्मा केव्हाच सर्वांचा झाला, दलालांसाठी २०३१ संपेपर्यंत थांबायचं. तोवर घरच्यांची परवानगी घ्या, लहान आकारात टाका, छापण्याजोगी फाइल देऊ नका. पण चित्रकार, साल, छापखाना, किती रंग, एवढं शेजारी लिहा. पन्नास-साठ वर्षं निघणाऱ्या दिवाळी अंकांच्या कार्यालयांत पोटमाळ्यावर हे सगळं पडून आहे, मी पाहिलेलं आहे. वाळवीलाही पत्ता माहीत आहे.

यंदाच्या अंकाचं काम हातावेगळं झालं की ज्या संपादकांना पोटमाळा उघडायचा असेल त्यांनी कळवावं. स्कॅनर आमचा, नोंदी करायला मुलं आमची. चहा तेवढा तुम्ही पाजा, आणि किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांना त्या दिवशी जरा उशिरा जेवायला सांगा.