‘घरच्यासारख्या’ ताई

आपल्या बडोद्यातील जुन्या मराठी घरांची एक रीत आहे. दाराशी नेमाने येणारा माणूस तिथे फार दिवस परका राहत नाही. शिकवणीचे मास्तर असोत की आजोबांना इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सबाई, दोन महिन्यांत त्यांना नात्याचे नाव मिळते, सणावारी त्यांचे पान मांडले जाते आणि घरातले कार्य त्यांच्यावाचून पार पडत नाही. ही रीत मला मनापासून आवडते. तरीही एका बाबतीत तिला आवर घातला पाहिजे, असे माझे मत बनले आहे. ते आज वाचकांपुढे ठेवतो.

गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत एक नवा व्यवसायी येऊ लागला आहे. स्वमग्न मुलांबरोबर काम करणारा हा वर्तन-विश्लेषक. बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांतून निघालेल्या या शास्त्राचे उपयोजित रूप १९६८ साली अमेरिकेत स्वतःचे नियतकालिक काढून उभे राहिले. त्याचा गाभा सोपा आहे. मूल एखादी गोष्ट करते, तेव्हा तिच्या आधी काय घडले आणि तिच्यामागून त्याला काय मिळाले हे टिपायचे. कारण मागून जे मिळते त्यावर ते वर्तन वाढते किंवा ओसरते. हे टिपण्यासाठी ती व्यक्ती आठवड्याचे कित्येक तास आपल्या घरात बसते. मुलाचे जेवण, झोप, शौच, आईचा थकवा, बापाचा संताप, सासूसुनेतले मतभेद, सारे तिच्यासमोर उघडे असते. डॉक्टर दवाखान्यात भेटतात; ही ताई स्वयंपाकघरापर्यंत येते. म्हणूनच मर्यादेचा प्रश्न इथे अधिक बिकट होतो.

माझ्या परिचयातील एका घरची हकिगत सांगतो. त्या घरच्यांनी ती लिहिण्यास संमती दिली आहे आणि ओळख पटेल असे तपशील मी वगळले आहेत. मुलगा सहा वर्षांचा, न बोलणारा. त्याच्यासाठी येणारी मुलगी हुशार आणि कष्टाळू. आधी चहा झाला, मग रोजचे जेवण, मग थोरल्या नातीचे गणित ‘जाता जाता’ बघणे आले. दिवाळीला आजींनी साडी दिली. पुढे तिच्या भावाच्या नोकरीसाठी घरच्या कर्त्यांनी शब्द टाकला. यात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. मात्र मुलाची किंकाळी वाढत होती. तो ओरडला की आजी बिस्किट देत. पंधरा दिवसांच्या टिपणांत त्या मुलीला कारण दिसले होते: बिस्किटाने किंकाळीला खतपाणी मिळत होते. ही गोष्ट तिने आठ महिने आजींना स्पष्ट सांगितली नाही. ज्यांनी साडी नेसवली त्यांना ‘आजी, चूक तुमच्याकडून होते आहे’ असे कोणत्या तोंडाने सांगावे? शेवटी तिने काम सोडले. तिच्या जागी आलेल्या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात ते सांगितले. आजी रडल्या, मग शिकल्या. बिस्किटाच्या चित्रावर बोट ठेवले की बिस्किट मिळते, हे मुलगाही हळूहळू शिकला. पण त्याचे आठ महिने गेले, आणि या वयातले आठ महिने स्वस्त नसतात.

आता यातील गंमत पाहा. मागून जे मिळते त्याने वर्तन घडते, हा ज्या शास्त्राचा पहिला धडा, तोच धडा त्याच्या अभ्यासकालाही लागू आहे. गोड बोलल्यावर साडी मिळाली तर गोड बोलणे वाढणारच. संस्थानी राजवटीत वाढलेल्या घरांना हे समजावून सांगण्याची गरज नसावी. नजराणा कशाला म्हणतात हे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो आहोत. देणाऱ्याच्या मनात आदर असेलही, पण घेणारा बांधला जातो, ही गोष्ट दरबारातल्या प्रत्येकाला ठाऊक होती.

या व्यवसायाला मर्यादेचे महत्त्व सुखासुखी कळले नाही. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात, मायामीच्या एका सरकारी संस्थेत वर्तन सुधारण्याच्या नावाखाली मतिमंद रहिवाशांना मारहाण होत असल्याचे, त्यांना कोंडून ठेवले जात असल्याचे १९७२ साली उघड झाले, आणि त्यानंतर नियम बांधण्याचे काम नेटाने सुरू झाले. १९९८ मध्ये तिथे वर्तन-विश्लेषकांना प्रमाणपत्र देणारे मंडळ स्थापन झाले. त्याच्या २०१६ पासून लागू झालेल्या संहितेत अशिलाकडून कोणतीही भेट घेण्यास मनाई होती. २०२२ पासूनच्या संहितेने हा नियम किंचित सैल केला: कृतज्ञतेपोटी, क्वचित, दहा डॉलरपर्यंतची वस्तू चालेल, पण भेट ही नेहमीची अपेक्षा होऊन बसली तर तो नियमाचा भंग ठरू शकतो. आणि हे सारे पहिल्याच दिवशी कुटुंबाला सांगायचे. मला हा बदल शहाणपणाचा वाटतो. पेढ्यांचा एक पुडा परत करणे म्हणजे माणसाचा अपमान करणे, हे त्या मंडळींनाही पटले असावे.

आपल्याकडे ही संहिता किती जणांना बांधील आहे? त्या मंडळाने २०२३ पासून भारतासह बहुतेक देशांतून नवे अर्ज घेणे बंद केले. आपल्या २०२१ च्या सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या परिशिष्टात वर्तन-विश्लेषकाचे नाव आले आहे, ही चांगली गोष्ट. परंतु कायद्यात नाव येणे निराळे आणि आपल्या ओसरीवर मर्यादा पाळली जाणे निराळे. ती व्यवसायी आणि कुटुंब या दोघांनीच पाळायची आहे.

माझी रेघ मी अशी ओढीन. चहा घ्यावा, पाणी घ्यावे, प्रसाद नाकारू नये. मुलाने पहिला शब्द उच्चारला त्या दिवशी पेढाही घ्यावा. रोजचे जेवण, साडी, पाकीट मात्र घेऊ नये. दुसऱ्या मुलाची शिकवणी, नोकरीची शिफारस, उसने पैसे यांत पडू नये. रात्री अकराला आलेल्या व्हॉट्सअ‍ॅप संदेशाला सकाळी उत्तर द्यावे, आणि तसे आधीच सांगावे. मुलाचे छायाचित्र आपल्या फेसबुकावर मुळीच टाकू नये. ज्यांचे मूल अजून आपल्या हाती आहे त्यांच्याकडून जाहिरातीसाठी प्रशंसेचे चार शब्द मागू नयेत, कारण तिथे ‘नाही’ म्हणण्याची सोय आईबापांना नसते.

यात न्यायाचीही एक बाजू आहे. तीच ताई दुपारी दुसऱ्या घरी जाते. तिथे साडी देण्याची ऐपत नसते. आपल्या मुलाकडे कमी लक्ष दिले जाते की काय, ही शंका त्या आईच्या मनात उभी राहावी असे आपल्याला वाटते काय?

‘हे फार कोरडे होते, आमच्यात असे नसते,’ असे काही वडीलधारी मंडळी म्हणतील. त्यांना माझे सांगणे एवढेच, की कोरडेपणा शब्दांत असतो, मर्यादेत नसतो. ‘मला नियम नाही,’ असे तुटकपणे म्हणता येते, आणि ‘आजी, तुमचा आशीर्वाद हवा, साडी मात्र नको, ती घेतली तर उद्या तुम्हाला खरे सांगताना माझी जीभ अडखळेल,’ असेही म्हणता येते. हे दुसरे वाक्य जिला पहिल्याच आठवड्यात म्हणता येते, तिच्या हाती मी माझे नातवंड निर्धास्त देईन.

आणि आपण घरच्यांनी काय करावे? तिने नकार दिला तर आग्रह धरू नये. आग्रह ही आपली मोठी हौस आहे, पंगतीत ती शोभते. मुलाच्या उपचारात तिची किंमत मुलाला द्यावी लागते. ठरलेली फी वेळेवर द्यावी, ठरलेली वेळ पाळावी, आणि ती जे कटू सांगेल ते बसून ऐकावे. तिचा मान राखण्याचा याहून चांगला मार्ग मला दिसत नाही.