दुखणं त्याचं, बोल तिला

बाळापूरची बैठक संपली, बाया पांगल्या, तेव्हा एक जण माझ्याजवळ थांबली. लग्नाला सहा वर्षं झाली, नवऱ्याकडून संबंध होत नाही. सासू हिलाच वांझोटी म्हणते, तो चिडून मारतो, आणि त्याची अब्रू राखायची म्हणून ही गप्प.

लिंगाला ताठरता येते ती रक्त भरल्याने. मधुमेह, रक्तदाब, तंबाखू, दारू यांनी रक्तवाहिन्या बिघडल्या की ती येईनाशी होते. कधी नुसती धास्तीही पुरते. हृदयविकाराची ही आगाऊ सूचनाही असू शकते. तेव्हा जडीबुटीवाल्याच्या तंबूत नव्हे, दवाखान्यात साखर तपासायला जायचं.

हे छापल्याबद्दल नाकं मुरडली जातील. १९३४ साली ‘समाजस्वास्थ्य’त वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरं दिली म्हणून र. धों. कर्वे यांच्यावर खटला झाला. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने लढले, तरी दंड झालाच.

नवरा नपुंसक असल्यामुळे संबंध आलाच नसेल, तर हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ खाली विवाह रद्द करून मागता येतो. मुस्लिम बायकांसाठी १९३९ चा कायदा आहे. मी तिला हे सांगितलं. ती म्हणाली, “ताई, मले सोडाचं नाई त्याले. पन त्याले दवाखान्यात कोन नेईन?”

पुढच्या बैठकीला पुरुषांना बोलवावं का, यावर आमच्यात अजून वाद चालू आहे.