भांडणाआधी मीटरचं झाकण उघडा

भाड्याच्या घरात पाण्याचं बिल अचानक दुप्पट-तिप्पट आलं की पहिला दिवस भांडणातच जातो. मालक म्हणतो, "तुम्हीच नळ सोडून ठेवता." भाडेकरू म्हणतो, "काका, आम्ही दोघं दिवसभर कामावर, पाणी वापरतंय कोण?" मीटर मात्र दोघांनीही पाहिलेला नसतो. तुम्ही साताऱ्यात राहत असा की सांगलीत, एकच सांगणं आहे: पाणी कुठं जातंय ते आधी शोधा, पैसे कुणी भरायचे ते नंतर ठरवा. शोधायला प्लंबर लागत नाही. एक रात्र आणि पाणी यायची एक वेळ पुरते.

आधी बिल वाचा. साताऱ्यात शहराच्या काही भागाला नगरपरिषद पाणी देते, काही भागाला महाराष्ट्र जीवन प्राधिकरण. सांगली, मिरज, कुपवाडला महापालिका. कागद कुणाचा हे कळलं की कुठल्या दारात जायचं ते कळतं. मग मागील रीडिंग, चालू रीडिंग आणि बिल किती महिन्यांचं ते बघा. एक युनिट म्हणजे 1000 लिटर. शहरी योजना आखताना माणशी रोज 135 लिटर धरतात, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला साधारण 16 युनिटं. शेऱ्यात 'सरासरी' किंवा 'घर बंद' असं असेल तर रीडिंगवाल्यानं मीटर वाचलेलाच नसतो; पुढे कधीतरी खरं रीडिंग घेतलं की मागचा सगळा फरक एकाच बिलात येऊन आदळतो. थकबाकीचा रकानाही सोडू नका. आधीच्या भाडेकरूचं देणं तिथं गुपचूप बसलेलं असतं.

कागदात काही सापडलं नाही तर मीटरकडे वळा. 'घरातले सगळे नळ बंद करून मीटर बघा' हा सल्ला सगळे देतात, पण आपल्याकडे तो अर्धाच कामाचा. पाणी येतं तास-दोन तास. एरवी लाईन कोरडी आणि मीटर निपचित. तेव्हा परीक्षा पाणी चालू असतानाच घ्यायची. हौद भरू द्या, लाईनवरचे अंगणातले नळ बंद करा आणि मग झाकण उचला. आत जाळी, माती, मुंग्या असतील. ओल्या फडक्यानं काच पुसा. काळे आकडे युनिटांचे, लाल लिटरचे, आणि शेजारी एक बारकी चांदणीसारखी चक्री असते. सगळं बंद असताना ती फिरत असेल तर मीटर आणि हौदाच्या मधे पाणी गळतंय, नाहीतर हौदाचा बॉल कॉक बसत नाही. बॉल कॉकचं दुखणं सगळ्यांत जास्त, आणि तेच सगळ्यांत उशिरा कळतं, कारण ओव्हरफ्लोचा पाईप बहुतेक घरांत थेट गटारात सोडलेला असतो. एक सावधगिरी: पाणी यायच्या सुरुवातीला लाईनमधली हवा बाहेर पडते आणि चक्री भन्नाट पळते. ती पहिली पाच-दहा मिनिटं धरू नका. रोजच तसं होत असेल तर तक्रारीत जरूर लिहा.

आता रात्रीची परीक्षा. निजायच्या आधी हौदात काठी उभी धरून ओल कुठवर आली तिथं खूण करा. सकाळी मोटर लावायच्या आधी पुन्हा तीच काठी घाला. सहा बाय पाच फुटांच्या हौदात एक इंच पाणी उतरलं तर सुमारे 70 लिटर गेलं. आठ तासांत एवढं, तर दिवसाला 200 च्या वर आणि महिन्याला सहा युनिटं, कुणी तांब्याभर न वापरता. वरच्या टाकीचंही तसंच करा, फक्त तिच्या खालचा वॉल्व्ह बंद ठेवून. पातळी हलली नाही, पण वॉल्व्ह उघडा ठेवल्यावर उतरली, तर चोर घरात आहे. बहुतेक वेळा तो फ्लशची टाकी असतो. तिच्यात कपड्यांच्या निळीचे चार थेंब टाका. अर्ध्या तासात फ्लश न करता भांड्यात निळसर पाणी दिसलं तर आतला वॉशर गेला.

जमिनीखालची गळती मात्र जागेप्रमाणे वागते. सांगलीची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पाईपाचे सांधे ताणले जातात, आणि गळणारं पाणी भेगांतून खाली उतरतं. वर ओलसुद्धा दिसत नाही. ज्या घरांत 2005, 2019 किंवा 2021 चं पुराचं पाणी शिरलं होतं, तिथं हौदाचे तडे आणि गाळ बसलेला मीटर आधी तपासा. साताऱ्यात उतार आहे. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याकडून खाली याल तसा पाण्याचा दाब वाढतो, आणि तुमच्या पाईपाची ओल खालच्या शेजाऱ्याच्या भिंतीला दिसते. त्यानं तक्रार केली तर त्याच्यावर चिडू नका, त्यानं तुमचं काम केलंय. कराडजवळच्या मलकापुरात चोवीस तास पाणी आणि नळाला मीटर आहे, वापर वाढला की दरही चढतो. तिथं परीक्षा कधीही घेता येते, पण गळकी तोटीही रात्रंदिवस मीटर पळवते.

गळती सापडत नसेल तर नळजोडावर आणखी कोण आहे ते विचारा. वर मालकाचा मजला चढतोय आणि स्लॅबवर पाणी मारलं जातंय, खाली खानावळ चालते, सांगलीतल्या विश्रामबागच्या खोल्यांत कॉटवर पोरं ठेवलीत, आणि बिल मात्र घरटी सारखं वाटलं जातंय. हे सरळ अन्यायाचं आहे. प्रत्येक भाडेकरूला वेगळा छोटा मीटर, नाहीतर माणशी वाटणी, यापैकी काहीतरी मागून घ्या.

पैसे कुणाचे? माझ्या मते मीटरपासून टाकीपर्यंतची लाईन, हौद, बॉल कॉक मालकाचे. तोटीचा वॉशर, फ्लश भाडेकरूचे. गळती दिसल्या दिवशी भाडेकरूनं व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना कळवायचं. त्यानंतर वाढलेलं बिल न ऐकणाऱ्याचं. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम 1999 मधलं कलम 14 दुरुस्तीची जबाबदारी मालकावर टाकतं, आणि कलम 29 प्रमाणे योग्य कारणाशिवाय मालकाला पाणी तोडता येत नाही. वॉल्व्ह बंद करून भाडेकरूला वठणीवर आणायचा विचार असेल तर मालकांनी तो सोडून द्यावा. लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्यांनी करारात पाण्याचं कलम घालूनच सही करावी, आणि राहायला येताना मीटरचं रीडिंग फोटोसह त्यात लिहून घ्यावं.

एवढं करूनही मीटरवरच संशय राहिला तर कार्यालयात लेखी अर्ज द्या, मीटर तपासणी मागा, आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तोंडी 'बघतो' ला किंमत नाही. निकाल लागेपर्यंत हप्ते पाडून मागा. बिल तसंच ठेवलं तर वर व्याज चढतं. लोकअदालतीत पाणीपट्टीची प्रकरणं येतात, पण सवलत मिळाली तर ती बहुधा व्याजात. अर्जावर सही मालकाची घ्या, कारण नळजोड त्याच्या नावावर असतो. त्याच्याकडे जाताना रीडिंगचे फोटो आणि काठीची मापं कागदावर मांडून न्या, आणि शक्यतो त्याचं जेवण झाल्यावर जा.