माया नसलेले सुपरमॅन

शाळेत वेशभूषा स्पर्धा जाहीर झाली की हल्लीचे पालक दोनच प्रश्न विचारतात. पोशाख भाड्यानं कुठं मिळतो, आणि डिपॉझिट किती? पोशाख घरी शिवता येतो हे कोणाच्या डोक्यातही येत नाही. कोणी चुकून बोललंच, तर ऐकणारा असा बघतो, की यानं जणू गॅलरीत गहू पेरायची गोष्ट काढली आहे. माझं या बाबतीत ठाम मत आहे. बँकेच्या काउंटरमागे बसून वीस वर्षं ‘साहेबांना विचारा’ म्हणण्यात गेल्यामुळे मत मांडायची संधी मला तशी कमीच मिळते. तेव्हा आज ऐकून घ्याच. सुपरहीरोचा पोशाख भाड्यानं आणणं हा खुद्द त्या सुपरहीरोचा अपमान आहे!

का, ते सांगतो. सुपरमॅन अमेरिकेत १९३८ साली छापून आला. त्याचे जन्मदाते दोन तरुण : लेखक जेरी सीगल आणि चित्रकार जो शूस्टर. सीगलच्या वडिलांचं कपड्यांचं दुकान होतं, आणि शूस्टरचे वडील चक्क शिंपी होते. म्हणजे हा पोलादी पुरुष मुळात कातरी-सुईच्या घरातला. पुढं १९६२ साली स्पायडरमॅन आला. तो तर शाळकरी पोरगा, काका-काकूंच्या आधारानं वाढलेला. खिशात दमडी नाही. त्यानं आपला वेश आपणच शिवला. आणि आमचे चिरंजीव त्याच स्पायडरमॅनचा वेश दिवसाला अमुक भाडं आणि डाग पडल्यास दंड या अटीवर घालणार! भिंतीवर चढणाऱ्या वीरानं ‘भिंतीला घासू नको रे, डिपॉझिट जाईल’ हे ऐकत स्टेजवर उभं राहायचं.

एकदा आमच्या शेजारच्या मुलाला असा एक भाड्याचा सुपरमॅन चढवला होता. दुकानाचं नाव घेत नाही, सगळी एकाच माळेची मणी. पोरानं उडण्यासाठी हात वर केला आणि बगलेतून कमरेपर्यंत शिवण उसवली. उलटून पाहिलं, तर शिवणीच्या आत दोन सुतंसुद्धा कापड नव्हतं. शिवणकामात शिलाईच्या पलीकडं जे जास्तीचं कापड सोडतात, त्याला आपल्या भाषेत ‘माया’ म्हणतात. वाणिज्य शाखेच्या पदवीधराला समजेल असं सांगायचं तर तो राखीव निधी. पण ‘माया’ या शब्दाची सर त्याला नाही. तयार पोशाखात नसते ती नेमकी हीच. कारण शिवणाऱ्याला पोर दिसत नसतं, फक्त नग दिसत असतात.

‘पण ते कठीण असतं हो!’ असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं तपशिलात जातो. मुलाचा अंगाबरोबर बसणारा जुना टी-शर्ट वर्तमानपत्रावर पसरा, कडेनं पेन्सिल फिरवा, चारी बाजूंनी माया सोडा. झालं तुमचं माप. कापड ताणलं जाणारं हवं. ते दोन्ही हातांनी ओढून बघा. ज्या दिशेला जास्त ताणतं, ती दिशा अंगाभोवती आडवी यायला हवी. उलटं झालं तर सुपरमॅन खाली बसायचा नाही. अशा कापडाला बोथट टोकाची बॉलपॉइंट सुई लावा, कारण टोकदार सुई त्याचे धागे तोडते. टीप झिगझॅग मारा. सरळ टीप ताणली की तुटते. आजीचं काळं मशीन सरळच टीप मारत असेल, तर कापड पुढून-मागून किंचित ताणून धरा आणि शिवा. लाल कापड आधी पाण्यातून काढा. नाहीतर पहिल्याच धुण्यात सुपरमॅन गुलाबी होतो.

छातीवरचं चिन्ह बाजूच्या शिवणी घालायच्या आधी बसवा. नंतर बसवायला गेलात, तर पुढचा आणि मागचा भाग एकमेकांना शिवला जातो. झग्यासाठी आठ वर्षांच्या मुलाला दीड मीटर कापडातून अर्धगोल निघतो. तो गळ्याशी नाडीनं मुळीच बांधू नका. खांद्यावर वेल्क्रोनं लावा. झगा कुठं अडकला तर सुटून यायला हवा, पोराच्या गळ्याला फास बसता कामा नये. २००४ सालच्या ‘द इन्क्रेडिबल्स’ चित्रपटात सुपरहीरोंचे कपडे शिवणाऱ्या बाईंनी झग्यावर बंदीच घातली आहे. शिंपी कधी उगाच बोलत नाही.

राहता राहिली बाहेरची चड्डी. तिला सगळं जग हसतं. पण शिवायला बसलं की तिची थोरवी कळते. सदरा आणि तुमान जिथं मिळतात, तो कच्चा जोड चड्डी आणि पट्टा मिळून झाकतात, आणि आसनाच्या शिवणीला दुसरा थर मिळतो. २०११ साली कंपनीनं सुपरमॅनची चड्डी काढून घेतली. २०१८ साली ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या हजाराव्या अंकात मुकाट्यानं परत दिली. सात वर्षं लागली एवढं कळायला!

आता माझ्यावर होणारे आरोप घेतो. पहिला : ‘वेळ कुठं आहे?’ रोज संध्याकाळी आपण हातातल्या फोनवर अनोळखी माणसांची लग्नं बघतो. तोच वेळ. दुसरा : ‘हे बायकांचं काम.’ असं म्हणणाऱ्यांच्या लग्नातला सूट कोणी शिवला होता, हे आठवून बघावं. बाजारात पैसे घेऊन शिवणारा पुरुष ‘मास्टर’, आणि घरात फुकट शिवणारी बाई ‘नुसती घरीच असते’! हा हिशेब ज्यानं लिहिला, त्याचं ऑडिट एकदा व्हायलाच हवं.

तिसरा आरोप मात्र खरा बोचरा आहे : ‘घरी शिवलेल्याला बक्षीस मिळत नाही.’ खरंच मिळत नाही. चकचकीत प्लॅस्टिकचे दंड फुगवलेला पोशाख पहिला येतो, आणि जुन्या चादरीचा झगा घातलेलं पोर टाळ्यांवर परत येतं. म्हणजे स्पर्धा मुलांची म्हणायची, आणि गुण बापाच्या पाकिटाला द्यायचे. ज्याला भाडं परवडत नाही, तो पोरगा त्या दिवशी ‘पोटात दुखतंय’ म्हणून घरी राहतो. वर्गशिक्षिकाबाईंना हे कळत नाही असं नाही, पण नियम कोणी बदलत नाही.

नियम एका ओळीचा आहे. पोशाख घरी केलेला हवा, आणि त्यातलं निदान एक काम मुलानं स्वतः केलेलं हवं. बटण लावू दे, धावदोरा घालू दे, नाहीतर सुईत दोरा ओवू दे. आमच्यासारख्या चष्मेवाल्यांना ती मदतच आहे. निवडणारे परीक्षक पोशाख उलटा करून बघू देत. आत माया असेल तर गुण, नसेल तर नापास.

आणि माया सोडलेली असली की पुढच्या वर्षी शिवण उसवून सुपरमॅन दोन बोटं वाढवता येतो. भाड्याचा सुपरमॅन रात्री आठच्या आत परत द्यावा लागतो.