पलसाण्याची कचेरी आणि आपले मौन

मुंबई-अहमदाबाद महामार्गावरचा पलसाणा हा सुरत जिल्ह्यातला तालुका. चलथाणला साखर कारखाना, कडोदऱ्याला कापडाच्या गिरण्या; तिथे खानदेशातून पोटामागे आलेली आपली माणसे राबतात. मामलतदार कचेरीचा कारभार गुजरातीत चालतो, आणि तो तसाच चालायचा. ‘आमचे कोण ऐकणार?’ हे रडगाणे मात्र मला मान्य नाही. संघराज्याच्या अधिकाऱ्यापुढे संघराज्यात, तर राज्याच्या अधिकाऱ्यापुढे त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क संविधानाचे कलम ३५० देते. मुलांच्या मातृभाषेतील प्राथमिक शिक्षणासाठी १९५६ साली कलम ३५०-अ आले. हक्क कागदावर आहे. मागणारा कुठे आहे? गुजराती जरूर शिका, ती अन्नदात्री आहे. पण आपल्या पोराला मराठीत साधा अर्ज लिहिता येत नसेल, तर तो दोष कचेरीचा नव्हे, आपल्या घराचा.